आयएसडीएन लाइन लागत नाही? राउटरवर दोष असा शोधा

‘राउटर बंद करून चालू करा’ असं सांगणाऱ्याला आधी बाजूला बसवा. रीलोड मारला की काउंटर शून्यावर येतात, लॉग पुसला जातो आणि दोष जागच्या जागी राहतो. आयएसडीएनचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या डिजिटल डायल-अप लाइनचा, बिघाड खालून वर शोधायचा असतो: आधी तार, मग एक्स्चेंज, मग कॉल आणि शेवटी पीपीपी, म्हणजे कॉल लागल्यावर दोन राउटर ज्या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात तो. मी इथे सिस्कोचा राउटर आणि बीआरआय लाइन धरून लिहितोय, म्हणजे माहितीसाठी ६४ केबीपीएसची दोन बी चॅनेल आणि कॉलच्या संदेशांसाठी १६ केबीपीएसचं एक डी चॅनेल. टेलनेटवरून काम करत असाल तर ‘टर्मिनल मॉनिटर’ द्यायला विसरू नका, नाहीतर डिबग चालू असूनही पडद्यावर काही उमटत नाही.

पहिली कमांड ‘शो आयएसडीएन स्टेटस’. लेअर १, म्हणजे तारेचा थर, ‘ॲक्टिव्ह’ नसेल तर इंटरफेसवर शटडाउन राहून गेलंय का ते बघा, मग केबल, मग एनटी-१ (लाइनच्या टोकाला बसवलेली डबी). काही एक्स्चेंज रिकामी लाइन झोपवून ठेवतात, त्यामुळे निकाल देण्याआधी एकदा कॉल लावून पाहा.

लेअर २ ला, म्हणजे एक्स्चेंजशी जोडणीच्या थराला, ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ दिसायला हवं. गाडी ‘टीईआय असाइन्ड’वर (टीईआय म्हणजे या जोडणीत राउटरला मिळालेला क्रमांक) अडली असेल तर बहुतेक वेळा स्विच टाइप, म्हणजे राउटरला सांगितलेला एक्स्चेंजचा प्रकार, चुकलेला असतो. युरोपातल्या लाइनला बेसिक-नेट३ लागतो. उत्तर अमेरिकेत बेसिक-एनआय, ५ईएसएस किंवा डीएमएस-१०० असतो आणि तिथे स्पिडही (एसपीआयडी, लाइन देणाऱ्याने दिलेले ओळख क्रमांक) तपासावे लागतात. अंदाजाने एकेक टाइप लावून बघण्यापेक्षा लाइन देणाऱ्याला सरळ विचारा.

आता ‘डिबग डायलर’ लावून पलीकडे पिंग मारा. काहीच हललं नाही तर ट्रॅफिक ‘इंटरेस्टिंग’, म्हणजे कॉल लावण्याजोगं, ठरत नाहीये. इंटरफेसवरचा डायलर-ग्रुप आणि ‘इंटरेस्टिंग’ काय ते ठरवणारी डायलर-लिस्ट यांचे नंबर जुळतात का ते पाहा. कॉल बाहेर पडतोय पण तुटतोय, तर ‘डिबग आयएसडीएन क्यू९३१’ लावा आणि डिस्कनेक्टसोबत येणारा कॉज कोड वाचा. तो ०एक्स८०९१ असा दिसतो. हे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे आहेत; शेवटच्या ९१ मधून हेक्स ८० वजा केले की हेक्स ११ उरतात, म्हणजे दशमानात १७: पलीकडची लाइन व्यस्त. १ आला तर नंबरच चुकीचा. १६ म्हणजे कुणीतरी रीतसर फोन ठेवला. कॉल लागून दोन-चार सेकंदांत १६ येत असेल तर एक्स्चेंजला फोन करून वाद घालत बसू नका. फोन तुमच्याच दोन राउटरांपैकी एकाने ठेवलाय.

मला सगळ्यात जास्त छळलं ते पीपीपीच्या टप्प्याने. ‘डिबग पीपीपी निगोशिएशन’ आणि ‘डिबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ दोन्ही लावा, तेही दोन्ही टोकांना. एकाच टोकाचा लॉग बघून निष्कर्ष काढू नका, कारण नकार देणाऱ्या बाजूलाच नकाराचं कारण नीट लिहिलेलं असतं. एलसीपी, म्हणजे पीपीपीची पहिली बोलणी, ‘ओपन’ झाल्यावर चॅपच्या, म्हणजे नाव-पासवर्डाने ओळख पटवण्याच्या, ओळी येतात. ओळीतला ‘ओ’ म्हणजे आपण पाठवलेलं, ‘आय’ म्हणजे आपल्याकडे आलेलं.

‘युजरनेम नॉट फाउंड’ आलं तर घोळ नावाचा आहे. मुख्य राउटरवर युजरनेम म्हणून शाखेच्या राउटरचं होस्टनेम लागतं आणि शाखेच्या राउटरवर मुख्य राउटरचं. बहुतेकजण आपलंच नाव आपल्याच राउटरवर टाकून मोकळे होतात. ‘कम्पेअर फेल्ड’ आलं तर पासवर्ड जुळत नाही. तो दोन्हीकडे तंतोतंत एकच हवा, लहान-मोठ्या अक्षरांसकट. कॉपी-पेस्ट करताना शेवटी चिकटलेली मोकळी जागासुद्धा पासवर्डचाच भाग धरली जाते आणि डोळ्यांना ती दिसत नाही. म्हणून दोन्हीकडची ओळ पुसून हाताने टाइप करा.

इंटरनेट सेवादाराला डायल करत असाल तर ‘पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप कॉलइन’ हवं. नुसतं ‘चॅप’ ठेवलं तर तुमचा राउटर सेवादाराकडूनच ओळखपत्र मागतो, आणि ते कुणी देत नाही. डायलर प्रोफाइल (प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा डायलर इंटरफेस) वापरत असाल तर एन्कॅप्सुलेशन आणि ऑथेंटिकेशन डायलर इंटरफेसवर तर लिहाच, पण बीआरआयवरही लिहा. कॉल कुठल्या प्रोफाइलचा हे ठरेपर्यंत बोलणं बीआरआयवरच चालतं. डायलर मॅप (कुठल्या पत्त्यासाठी कुठला नंबर लावायचा ती ओळ) वापरत असाल तर त्यातलं नाव चॅपने ओळखलेल्या नावाशी जुळायला हवं, नाहीतर आलेल्या कॉलला उत्तर द्यायला राउटर उलटा दुसरा कॉल लावतो.

लाइन लागते पण सुटतच नाही, हे दुखणं बिलात कळतं. ‘शो डायलर’मध्ये ‘डायल रीझन’ बघा. पत्ता २२४.०.०.५ असेल तर ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचे हॅलो संदेश लाइन जागी ठेवतायत, २२४.०.०.९ असेल तर रिप हा दुसरा राउटिंग प्रोटोकॉल. १२० सेकंदांचा मूळ आयडल-टाइमआउट (लाइन रिकामी राहिली की किती वेळाने तोडायची ती मुदत) कमी करून हे थांबत नाही. डायलर-लिस्टला ॲक्सेस-लिस्ट जोडा आणि तिच्यात ते पत्ते नाकारा. इथे नाकारलेलं पॅकेट अडवलं जात नाही, त्याच्यासाठी लाइन लावली किंवा लांबवली जात नाही इतकंच. लाइन चालू असेल तर ते जातंच. काम झालं की ‘अनडिबग ऑल’ द्या.