कुरडयांचं आधण विजेवर, चीक गॅसवर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी खान्देशात कुरडयांची घाई असते. घरापुरत्या कुरडयांना एक शेगडी पुरते. ऑर्डरच्या कुरडया करताना मात्र प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी शिजवायच्या चिकाला, आधणासाठी थांबावं लागतं आणि तोवर ऊन वर येतं. त्यासाठी काम वाटून द्यावं. पाणी विजेवर तापवायचं आणि चीक (भिजवलेल्या गव्हाचा वाटून काढलेला स्टार्च) गॅसवर शिजवायचा, विजेवर कधीच नाही.

विजेची कॉइल चिकात चालत नाही. गव्हाचा स्टार्च साधारण 60 अंशांनाच फुगून घट्ट होतो. पाणी कॉइलभोवती फिरत राहतं, चीक मात्र तिला चिकटून बसतो, जळतो आणि करपट वास अख्ख्या घाण्याला लागतो. गॅसवर जाड बुडाच्या पातेल्यात बूड खरवडत ढवळता येतं आणि आच एका क्षणात कमी होते.

पाण्यासाठी कॉइल आतच बसवलेली, तोटीची 10 लिटरची स्टीलची टाकी घ्या. 1500 वॅट पुरे. बादलीत टाकायचा आंघोळीचा रॉड नको: ओले हात, स्टीलचं भांडं आणि उघडा रॉड हे जिवावर बेतणारं आहे. टाकीला 16 अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग तपासून घेतलेलं, आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच) असावी. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. टाकी शेगडीपासून हातभर तरी लांब ठेवा, म्हणजे वायरला आच लागणार नाही.

एका घाण्याला 5 लिटर चीक, 5 लिटर पाणी. चीक रात्रभर बसवून वरची निवळ पूर्ण काढलेली असेल तरच हे प्रमाण जुळतं. टाकीत 8 लिटर भरा: 5 आधणाला, 2 हाताशी, आणि कॉइल बुडालेली राहावी म्हणून उरलेलं तळाला. कॉइल उघडी पडली की जळते. तुमच्या टाकीत ती कोणत्या उंचीवर आहे ते आधी पाहून घ्या.

28 अंशांचं 8 लिटर पाणी उकळीला यायला सुमारे 0.7 युनिट लागतं, म्हणजे 230 व्होल्टला अर्धा तास. व्होल्टेज 200 वर आलं तर तीच कॉइल जेमतेम 1130 वॅट देते आणि सुमारे चाळीस मिनिटं जातात. म्हणून पहाटे सुरुवात करा. दुपारी कूलर लागले की आधण रेंगाळतं. तेवढंच पाणी गॅसवर तापवलं तर 80 ते 90 ग्रॅम गॅस जातो. स्वस्त काय, ते आपापल्या दरावरून काढा. धंद्याला व्यावसायिक सिलिंडरच लागतं, हे हिशेबात धरा.

पहिल्या घाण्याला आधणाचं अर्धं पाणी टाकीत (कॉइल बुडवणारं तळाचं पाणी वेगळं), अर्धं गॅसवरच्या पातेल्यात एकदमच तापवा. दोन्हीला उकळी आली की टाकी बंद करून आधणाचं तेवढंच पाणी पातेल्यात घ्या, मीठ घाला, आच मध्यम करा. लगेच टाकी 8 लिटरपर्यंत भरून पुन्हा सुरू करा. एकीने चिकाची बारीक धार सोडायची, दुसरीने एकाच दिशेने हाटायचं. धार जाड झाली किंवा उकळी मोडली की गुठळ्या होतात, आणि त्या सोऱ्याच्या चाळणीत अडकतात. चीक गोळा होऊ लागला की आच मंद करा, झाकण ठेवून 10-15 मिनिटं वाफ काढा, मधूनमधून बुडापासून हलवा. पांढुरका रंग जाऊन चकाकी आली की शिजला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुटते.

घट्ट वाटला तर टाकीतलं उकळतं पाणी वाटीवाटीने घाला. गार पाणी ओतलं की चीक फाटल्यासारखा होतो आणि पुन्हा एकजीव होत नाही. दोन चुली ठेवण्याचा खरा फायदा हाच, वेळ वाचतो तो वेगळा.

लाइट गेली तर आधण गॅसवर येतं, काम थांबत नाही. सिलिंडर संपलं तर मात्र पंचाईत, कारण जर्मलचं (अ‍ॅल्युमिनियमचं) पातेलं इंडक्शनवर तापत नाही. भरलेलं सिलिंडर आधीच आणून ठेवा.

बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर पांढरा थर चढतो आणि आधणाला वेळ लागू लागतो. लिटरला 20 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून पाणी कोमट करा, टाकी बंद करून प्लग काढा, तासाभराने घासून दोनदा धुवा. लोखंडी ब्रश लावू नका.