पावसाळ्याआधी गाडीच्या रबरांना काय लावावं?

मे महिन्यात गाडीचा दरवाजा पूर्ण उघडा आणि चौकटीभोवतीच्या बीडिंगचा, म्हणजे रबराच्या पट्टीचा, कोपरा अंगठ्यानं वाकवून पाहा. वाकलेल्या जागी बारीक चिरा दिसल्या किंवा रबर कडक लागलं, तर ते वाळत चाललंय.

अशा वेळी बरेच जण घरात असेल ते चोळतात: पेट्रोलियम जेली, इंजिन ऑइल, डिझेलचा बोळा. रबर लगेच काळंभोर दिसतं आणि तिथेच फसगत होते. दरवाजे आणि डिकीची बीडिंग बहुतेक ईपीडीएम जातीच्या रबराची असते. ऊन-पाणी ते छान सोसतं, पण खनिज तेल, म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेलं तेल, आत शोषून फुगतं आणि ढिलं पडतं. माझ्या गाडीच्या मागच्या दरवाज्याला एका गॅरेजमध्ये साधं ग्रीस चोपडून दिलं होतं. पुढे खालच्या कोपऱ्यातलं रबर खाचेतून बाहेर येऊन लोंबायला लागलं, दरवाजा लावताना चेमटायला लागलं. शेवटी बदलावंच लागलं.

म्हणून आधी रबर कुठलं ते बघा, वंगण नंतर. इंजिनातली ऑइल सील (तेल गळू न देणाऱ्या कड्या) बहुधा नायट्राइलसारख्या तेल सोसणाऱ्या रबराची असतात, त्यांना तेल चालतं. ब्रेकचं मात्र उलट. डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल लागणाऱ्या ब्रेकमधल्या रबरांना खनिज तेलाचं बोटही लागू देऊ नका. ती फुगली की ब्रेक जाम होऊ शकतो. तिथे एरंडेल तेलापासून बनणारं लाल रबर ग्रीस किंवा गाडीच्या कंपनीनं सांगितलेलंच ग्रीस हवं. काम मेकॅनिक करेल, पण डबा कुठला उघडला हे जरूर विचारा.

बीडिंगसाठी सिलिकॉन घ्या. ट्यूबमधलं ग्रीस जास्त टिकतं, म्हणून दरवाज्यांना ते बरं. काचेच्या अरुंद खाचांना स्प्रे सोयीचा. डब्यावर ‘रबरासाठी सुरक्षित’ लिहिलंय का, पेट्रोलियमचा द्रावक तर मिसळलेला नाही ना, हे वाचा. रबर स्वतःच सिलिकॉनचं असेल, तर हे लावू नका, तेही फुगतं.

शंका असेल तर जुन्या बीडिंगचे दोन सारखे तुकडे कापा. एकाला वंगण लावून आठवडाभर ठेवा, मग दोन्ही पट्टीनं मोजा. लावलेला तुकडा लांबला किंवा लिबलिबीत झाला, तर ते वंगण बाद.

लावण्याआधी बीडिंग शाम्पूच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. धुळीवर ग्रीस बसलं तर ते पॉलिश पेपरसारखं घासतं. स्प्रे नेहमी फडक्यावर मारा. पुढच्या काचेवर उडाला तर पावसात वायपर फिरताना धुरकट दिसतं, आणि ब्रेकच्या डिस्कवर तर तो अजिबात जाऊ नये. पातळ थर द्या, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती ग्रीसनं बुजवू नका. पावसाआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, एवढं पुरे.

शेवटी कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून दरवाजा लावा आणि ओढा. अडकून येत असेल तर रबर दाबून बसतंय. सहज सुटली, तर आधी दरवाज्याची बैठक तपासून घ्या. ती ठीक असेल तर नवी बीडिंग आणा.