डोळ्याचा अकीक घेताना खडा आडवा धरून बघा

गुजरातेतल्या खंबायतचे पॉलिश केलेले अकीक, म्हणजे अ‍ॅगेटचे खडे, प्रदर्शनात मांडलेले दिसले, की डोळा (एकात एक गोल वलयं) असलेल्या खड्याकडे हात आधी जातो. पण तो डोळा दगडात वाढलेला की कारागिराने काढलेला, हे वरून कळत नाही.

१. खडा आडवा धरून कडेने बघा. पट्टे सरळ थरांसारखे एका बाजूकडून दुसरीकडे गेले असतील, तर तो साधा पट्टेदार अकीक. घुमटासारखा घासला, की वरचा थर मधोमध गोल उरतो आणि डोळा दिसतो. दगड खरा, डोळा घासणीचा. हे सुंदर असतात, माझ्याकडे तीन आहेत. फक्त दर पट्टेदार खड्याचाच द्यावा.

२. मागून मोबाइलचा टॉर्च लावा. नैसर्गिक डोळ्याची वलयं वाटीसारखी आत उतरलेली दिसतात, आणि एकाच खड्यातले दोन डोळे सहसा सारखे नसतात. आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच.

३. भडक निळा, गुलाबी किंवा हिरवा रंग बारीक भेगांत गडद साचलेला दिसला, तर खडा रंगवलेला समजा.

४. वर रंगवलेल्या डोळ्याची शंका असेल, तर कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कडेला हलकेच फिरवा. कापूस रंगला तर खडा ठेवून द्या. मुरवलेला रंग मात्र असा निघेलच असं नाही.

रिमूव्हर दुकानदाराला विचारूनच लावा, आणि अंगठीत डिंकाने बसवलेल्या खड्याला अजिबात नको, डिंक सुटतो.