संकष्टीचा चंद्र कोणता? कादंबरीकाराने विज्ञानकथा वाचण्या-लिहिण्याविषयी

मंगळावर नांदायला गेलेल्या, गोव्यातल्या माशेल गावच्या सुनेने संकष्टीचा उपास सोडायचा केव्हा? प्रश्न थट्टेचा वाटेल, पण विज्ञानकथेच्या वाटेला जाऊ पाहणाऱ्या कादंबरीकाराने तो आधी कागदावर सोडवून पाहावा. मंगळाला दोन चंद्र आहेत. त्यांपैकी फोबोस आपली फेरी साडेसात तासांहून थोड्या अधिक वेळात पुरी करतो, तर मंगळाला स्वतःभोवती फिरायला सुमारे 24 तास 40 मिनिटे लागतात. त्यामुळे तिथल्या माणसाला फोबोस पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल, आणि तोही दिवसातून साधारण दोनदा. डायमोसची तऱ्हा उलटी आहे. त्याची फेरी 30 तासांची, म्हणजे मंगळाच्या दिवसाहून जरा मोठी, म्हणून तो एकदा उगवला की अडीच दिवसांच्या आसपास आकाशात रेंगाळतो. फोबोसवर उपास सोडायचा ठरवले, तर तो दुपारपर्यंतही टिकायचा नाही. डायमोसची वाट पाहावी, तर सून आडवी पडायची. शिवाय चतुर्थी ही तिथी मुळात ठरते ती पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्य-चंद्रांमधल्या कोनावरून, दर 12 अंशांना एक तिथी या हिशेबाने. तेव्हा सासू म्हणणार, माशेलचाच चंद्रोदय धर. तिचा हा निरोप प्रकाशाच्या वेगाने निघाला, तरी मंगळावर पोहोचायला त्याला 3 ते 22 मिनिटे लागतात. 'जेवलीस काय गे?' असे विचारल्यावर 'जेवले' हे उत्तर माशेलला परत यायला कमीत कमी 6 आणि जास्तीत जास्त 44 मिनिटे जातील, आणि तेवढ्या वेळात सासूच्या मनात काय काय येऊन जाईल, हे कौटुंबिक कादंबरी लिहिणाऱ्याला मी सांगायला नको.

या सगळ्यात मी एकही यंत्र सांगितलेले नाही. यानाचे इंजिन नाही, परग्रहवासी नाही. काही आकडे घेतले आणि ते एका घरात नेऊन सोडले, इतकेच. विज्ञानकथा लिहायची म्हणजे शोध लावायचा, अशी समजूत करून घेऊन 'आमचे विज्ञान दहावीत सुटले' म्हणत मागे फिरणारे चांगले कादंबरीकार मी पाहिले आहेत. या प्रकाराला शोध लागत नाही. हिशेब लागतो, आणि हिशेब माणसापर्यंत नेण्याची चिकाटी लागते. ही दुसरी गोष्ट कादंबरीकाराकडे आधीपासून असते.

आधी वाचनाविषयी. विज्ञानकथा दोनदा वाचावी. पहिल्यांदा नुसती, आणि दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. दुसऱ्या वाचनात तीन जागांवर खुणा कराव्यात: जगाचा बदललेला नियम वाचकाला प्रथम कुठे कळतो, तो कोणाच्या तोंडून किंवा कोणाच्या कृतीतून कळतो, आणि लेखकाने कोणती गोष्ट मुद्दामच समजावून सांगितलेली नाही. तिसरी खूण सर्वांत मोलाची. एच. जी. वेल्सच्या 1895 सालच्या 'द टाइम मशीन'मध्ये कालयंत्र चालते कसे, हे शेवटपर्यंत कळत नाही. निकेल, हस्तिदंत, स्फटिक अशा दोन-चार पदार्थांची चमक दाखवून लेखक पुढे सरकतो. प्रवासी परत येतो तेव्हा भविष्यात जाऊन आल्याची खूण म्हणून त्याच्या खिशातून निघतात ती दोन पांढरी फुले. यंत्रावर विश्वास ठेवायला न लावता फुलांवर ठेवायला लावणे, ही कादंबरीकाराची युक्ती आहे, शास्त्रज्ञाची नव्हे.

जुन्या विज्ञानकथांतली भाकिते चुकली म्हणून हसू नये. कशी चुकली ते पाहावे. बहुधा यंत्राचा अंदाज बराचसा जमलेला असतो आणि स्वयंपाकघराचा पार फसलेला असतो. यान ताऱ्यांपलीकडे जाते, पण त्यात चहा करून आणणारी बाईच असते. आपलाही तोच घोटाळा होणार, म्हणून ही खूण वहीत टिपून ठेवावी.

मराठीतल्या वाचनाला जयंत नारळीकरांपासून सुरुवात करावी, आणि त्यांच्या कथांबरोबर त्यांनी 1974 साली काय केले तेही ध्यानात ठेवावे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, आणि हस्ताक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहून घेतली होती. कथेला बक्षीस मिळाले. जगभर नाव झालेल्या खगोलशास्त्रज्ञालाही आपली कथा निव्वळ कथा म्हणून तपासून घ्यावीशी वाटली, हे आपल्यासारख्यांनी विसरू नये. मराठी विज्ञानकथेचा चांगला साठा एकाच छपराखाली पाहायचा, तर पणजीत पाट्टोवरचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची परंपरा 1832 पर्यंत मागे जाते. तिथे बसून वाचावे. घरी नेलेले पुस्तक दिवाळी अंकाच्या तगाद्यात पडून राहते, असा माझा अनुभव आहे.

आता लेखनाविषयी. नियम एकच बदलावा. बाकीचे जग हट्टाने जसेच्या तसे राहू द्यावे, आणि त्या एका बदलाचे धागे जिथवर जातील तिथवर जावे. गोव्यात राहणाऱ्याला याचा सराव करायला खाजनाइतकी चांगली जागा नाही. खाडीकाठची ही सखल शेती बांधांनी राखलेली असते, आणि बांधात पाणी आत-बाहेर सोडणारी मानस असते. तिची लाकडी दारे एकाच बाजूला उघडतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की ती आपोआप मिटतात. ओहोटी लागून बाहेरची पातळी खाली गेली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. वीज नाही, माणूस नाही. चंद्रावर चालणारे यंत्र म्हणावे, असे हे काम शतकानुशतके आमच्या पायाखाली चालले आहे, आणि आम्ही मात्र यंत्राच्या शोधात मंगळावर जातो.

समजा, बदल एवढाच केला की समुद्राची सरासरी पातळी एक मीटरने वर आली. लगेच पुराचे वर्णन लिहायला बसू नये. मानशीकडे पाहावे. ओहोटीलाही बाहेरचे पाणी पुरेसे उतरत नाही, म्हणून दार उघडण्याचा वेळ कमी झाला. आत पावसाचे पाणी साचू लागले. मानशीवरच्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. आता बोली कोण लावणार? लिलावाचा पैसा आटला, तर बांधाच्या डागडुजीला पैसा कुठून येणार? खाऱ्या पाण्यात तग धरणारा कोरगूट भात आणखी किती खारेपण सोसेल? बांध फुटला, तर ज्याचे शेत आधी बुडेल तो आणि ज्याचे नंतर बुडेल तो यांच्यात कोर्टकचेरी होईल, आणि त्या दोघांच्या मुलांचे एकमेकांशी जमलेले असेल, तर तुमची कादंबरी सुरू झाली. पुराचे वर्णन कदाचित लागणारही नाही.

हे सगळे कळले तरी लिहिताना पाय घसरतो तो समजावून सांगण्याच्या हौसेवर. माझ्या एका जुन्या खर्ड्यातला परिच्छेद असा होता: 'सन 2071 मध्ये समुद्रपातळी वाढल्यामुळे शासनाने सर्व खाजनांत स्वयंचलित मानशी बसवल्या होत्या. संवेदकांच्या साहाय्याने पाण्याचा अंदाज घेऊन त्या आपली दारे आधीच बंद करीत असत. यामुळे गावातील मासेमारीवर परिणाम झाला होता.' यात चूक एकही नाही आणि जीवही नाही. हाच मजकूर मी पुढे असा लिहिला:

'भरतीला अजून तासभर होता, तरी मानशीने दार लावून घेतले. रुक्मिणी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. "आज हिचा पाण्यावर भरवसा दिसत नाही," ती म्हणाली आणि रिकामी टोपली उचलून माघारी वळली.'

दार स्वतः ठरवते, ते अंदाजाने ठरवते, लोकांना याची सवय झाली आहे, आणि टोपली रिकामी आहे, हे सारे त्यात येते. साल येत नाही, शासन येत नाही. वाचकाला पहिल्या वाक्याशी क्षणभर अडखळू द्यावे. तो अडखळतो म्हणूनच पुढे वाचतो. समजावण्याची वेळ आलीच, तर ज्याला खरोखर माहीत नाही अशा पात्राला विचारू द्यावे, आणि ज्याला उत्तर देण्याचा कंटाळा आहे अशाला उत्तर द्यायला लावावे. दोन जाणकारांनी एकमेकांना ठाऊक असलेली माहिती ऐकवीत बसणे हे आमच्या संगीत नाटकांतल्या सूत्रधार-नटीला शोभत होते. कादंबरीत ते खपत नाही.

शब्दांचा प्रश्न याला लागूनच येतो. 'कृष्णविवर', 'उपग्रह', 'संगणक' हे शब्द रुळले. 'भ्रमणध्वनी' परिपत्रकांत राहिला आणि माणसे मोबाइलवर बोलू लागली. त्यावरून धडा घ्यावा. यंत्राला एक नाव कागदोपत्री द्यावे आणि दुसरे तोंडी. कारखानदाराने 'गुरुत्वनियंत्रक' म्हणून विकलेल्या वस्तूला म्हापशाच्या गॅरेजमधला पोरगा दोन दिवसांत 'गुर्त्या' म्हणू लागेल, आणि वाचकाचा विश्वास बसेल तो गुर्त्यावर. एका प्रकरणात नवे शब्द मात्र तीनांहून अधिक घालू नयेत. हा माझा आकडा आहे. त्याला शास्त्राधार नाही.

गोव्यातल्या लेखकाला विचारायला माणसेही जवळ आहेत. दोनापावल्याला 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली आणि जानेवारी 1982 मध्ये तिथल्या बर्फावर उतरली. शास्त्रज्ञाला भेटायचे, तर 'असे होऊ शकेल का?' हा प्रश्न विचारू नये, कारण तो सावधपणे 'शक्यता फार कमी' म्हणेल आणि भेट संपेल. 'झालेच असे धरले, तर सर्वांत आधी काय बिघडेल?' असे विचारावे. हिवाळाभर सूर्याविना बर्फावर राहून आलेल्या माणसाला उणे तापमानाचे आकडे विचारू नयेत. तुमच्यात भांडणे कशावरून होत असत, ते विचारावे. आकडे छापील मिळतात.

एक नियमवही ठेवावी. बदललेला नियम पहिल्या पानावर एका वाक्यात लिहावा. एका वाक्यात मावत नसेल, तर तो अजून ठरलेला नाही. पुढच्या पानांवर अंतरे, वेळा, वये, भाव. ही वही किती कामाची आहे, ते मी अब्रू जाऊन शिकलो. भविष्यातल्या खाडीकाठावरच्या माझ्या कादंबरीत सलग चार दिवसांचा प्रसंग होता, आणि चारही दिवस भरती सकाळी बरोबर सात वाजता पुरी होत होती. संवेदक, ऊर्जा, हवामान सगळे मी तपासून घेतले होते. खर्डा वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला, वाचून दाखवला, तेव्हा तिसऱ्या दिवसाशी त्यांनी हात वर केला आणि विचारले, "मास्तर, तुमचा चंद्र रजेवर गेलाय काय?"

भरती रोज सुमारे पाऊण तास, काही दिवशी त्याहून थोडी अधिक, पुढे सरकते. आमच्या किनाऱ्यावरचा ठोकताळाच आहे: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पाणी भरते. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. माझी नायिका चौथ्या दिवशी सातला, ओहोटीच्या ओढीबरोबर होडीतून गाव सोडून जात होती. त्या वेळी पाणी अजून आतच येत होते. तिला प्रवाहाविरुद्ध वल्हवावे लागले असते, नाहीतर दोन तास थांबावे लागले असते, उजाडलेल्या दिवसात, सगळा गाव बांधावर येण्याच्या वेळेला. मी तिला थांबवले. चिपीच्या खारफुटी झाडांत होडी लपवून बसलेल्या त्या दोन तासांचे प्रकरण आता सत्तावीस पानांचे झाले आहे, आणि सकाळी सातची ती पहिली निरोपाची ओळ मी काढून टाकली.