पाहुण्यांची छोटी बाथरूम उबदार ठेवायची तर कोणता हीटर घ्यावा आणि कुठे लावावा

पाहुण्यांची बाथरूम रोज वापरात नसते, आणि असते तेव्हाही एका वेळी पंधरा-वीस मिनिटंच. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मे पर्याय आपोआप गळतात. तरीही 'खोलीच्या चौरस मीटरला १०० वॅट धरा आणि कुठलाही हीटर घ्या' हा सल्ला सर्रास दिला जातो. हा हिशोब दिवसभर गरम ठेवायच्या खोलीचा आहे. इथे खोली नाही, त्यातला ओला माणूस गरम ठेवायचा आहे.

आधी काय घेऊ नये ते सांगतो. फरशीखाली तापणारी मॅट रोजच्या बाथरूमला उत्तम, पण इथे नको. ती चौरस मीटरला साधारण १५० वॅट देते आणि तेवढ्यात तिला सिमेंटचा थर आणि लादी दोन्ही तापवायचं असतं. खाली इन्सुलेशन नसेल तर फरशी कोमट होईपर्यंत पाहुणा आंघोळ करून बाहेर आलेला असतो. टॉवेल वॉर्मर टॉवेल छान सुकवतो. हौस असेल तर जरूर लावा, पण त्याच्या शंभरेक वॅटवर खोली तापेल ही आशा सोडा. घरात आधीच गरम पाण्याचे रेडिएटर असतील तर प्रश्नच मिटला, त्याच लाइनवर एक छोटा जोडून घ्या. धूर बाहेर काढणारी नळी नसलेला गॅस हीटर मात्र बंद बाथरूममध्ये कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

उरले दोन: गरम हवा फेकणारा फॅन हीटर आणि लालसर तापणाऱ्या नळ्यांचा क्वार्ट्झ हीटर.

दीड मीटर बाय दोन मीटरच्या खोलीत सात-साडेसात घनमीटर हवा असते. ती १० अंशांनी तापवायला १५०० वॅटच्या फॅन हीटरला कागदावर जेमतेम एक मिनिट लागतं. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी उष्णता थंड टाइल्स खेचून घेतात. शिवाय ओल्या अंगावर वाऱ्याचा झोत आला की पाण्याची वाफ होते आणि ती अंगातलीच उष्णता घेऊन जाते. झोत गरम असतो आणि तरी दंडावर काटा उभा राहतो. म्हणून फॅन हीटर घेतलाच तर तो आंघोळीच्या पाच-सात मिनिटं आधी लावायचा, समोर उभं राहून अंग पुसायला नाही. क्वार्ट्झ हीटर हवेची वाट बघत नाही. त्याची उष्णता उन्हासारखी सरळ अंगावर येते, तीही मिनिटभरात. माझी पसंती ठाम त्यालाच: भिंतीवर उंच बसणारा, दोरीने चालू-बंद होणारा, १२०० वॅटच्या आसपासचा.

खरा घोळ पुढे आहे, जागा ठरवण्यात. मलाही सगळ्यात जास्त डोकं तिथेच लावावं लागलं, आणि चांगला हीटर वाया गेलेला मी पाहिलाय तो नेहमी चुकीच्या भिंतीमुळेच.

पहिली चाळणी पाण्याची. शॉवर ट्रे किंवा टबाच्या कडेपासून ६० सेंटीमीटरच्या आत हीटर नको. ट्रे नसेल आणि सगळी फरशीच ओली होत असेल, तर शॉवरपासून १२० सेंटीमीटर मोकळे सोडा. हीटरवर आयपीएक्स४ लिहिलेलं हवंच, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या: तो शिंतोडे झेलतो, धार नाही. बाथरूम पाइपने धुण्याची सवय असेल तर धुणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

दुसरी चाळणी नजरेची. क्वार्ट्झची उष्णता सरळ रेषेत जाते. हीटर दिसत नसेल तर त्याची ऊबही नाही. शॉवरच्या काचेमागे उभ्या माणसाला त्यातली फार कमी मिळते, बरीचशी काच पिऊन टाकते. उघड्या दरवाज्यामागची भिंत पाहुण्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. हीटर आंघोळीच्या जागेकडे नाही, तर अंग पुसून कपडे घालायच्या जागेकडे वळलेला हवा. थंडी तिथेच वाजते.

हे कागदावर ठरत नाही. हीटरच्या मापाचा पुठ्ठा कापा, चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दार बंद करून समोर उभे राहा. मग मोठा टॉवेल घेऊन पाठ पुसल्यासारखं करा, हात पूर्ण वर नेऊन. टॉवेलचं टोक पुठ्ठ्याला लागलं तर ती जागा बाद, कितीही सोयीची वाटली तरी. पडदा, टॉवेलची खुंटी, वरचं प्लॅस्टिकचं कपाट यांच्यापासूनही अंतर सोडा. किमान उंची आणि छतापासूनचं अंतर हीटरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते तंतोतंत पाळा. उंची बहुधा १.८ मीटरच्या पुढेच असते. 'थोडं खाली घेतलं तर ऊब जास्त लागेल' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

एक्झॉस्ट फॅनकडेही बघा. ताशी १०० घनमीटर हवा ओढणारा पंखा एवढ्या खोलीतली सगळी हवा साडेचार मिनिटांत बाहेर टाकतो. हीटर आणि तो एकाच बटणावर असतील तर वायर वेगळी करून घ्या. पंखा आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालला की ओल निघून जाते.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच. वेगळी लाइन, पक्कं अर्थिंग, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. यातलं एकही कमी चालणार नाही. एक्स्टेंशन बोर्ड बाथरूममध्ये आणायचाच नाही.

टायमर मात्र आवर्जून लावा, अर्ध्या तासात आपोआप बंद होणारा. पाहुण्याला तुमच्या घराची सवय नसते, तो हीटर चालू ठेवून झोपायला जाणार हे गृहीत धरा. म्हणूनच ॲपवर चालणारे हीटर इथे कुचकामी. दोरी ओढली की चालू, हे कुणालाही सांगावं लागत नाही.

बसवून झाल्यावर अर्धा तास चालवून बघा. पहिल्या वेळी धुळीचा जळका वास येतो, तो लगेच जातो. नंतर बाथरूमबाहेरच्या, हीटरच्या लाइनच्या स्विचच्या प्लेटवर कोरडा हात ठेवा. ती गरम लागली तर कुठेतरी जोड सैल आहे. एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत पुन्हा लावू नका.