एसी लावून खोली घट्ट बंद करता? या चुका टाळा

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, मग काय, दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, फटीत कागदाचे बोळे पण कोंबायचे, आणि सकाळी उठलं की डोकं जड. आपण म्हणतो ऊन लागलं. खोलीतल्या हवेकडे कोणाचं लक्षच जात नाही.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२५ पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२५ भाग), आपण श्वास सोडतो त्यात ४० हजाराच्या आसपास. दहा बाय बाराच्या बंद खोलीत दोघं झोपले की पहाटेपर्यंत दोन हजार सहज पार होतात. हजाराच्या आत ठेवा हा हिशोब जर्मनीच्या पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच मांडलाय, विष म्हणून नाही, तर हवा शिळी झाल्याची खूण म्हणून. कारखान्यात आठ तासांसाठी ५००० ची मर्यादा धरतात, त्यामुळे घाबरायचं काम नाही. डोकं चालत नाही, झापड येते, यात नुसत्या गॅसचा हात किती यावर अभ्यासांचं एकमत नाहीये. पण आकडा वाढला म्हणजे तुम्ही दुसऱ्याचा सोडलेला श्वास परत घेताय, हे नक्की. कोचिंग क्लासच्या एसी हॉलमध्ये एकाला सर्दी झाली की आठवड्यात अर्धी बॅच का खोकते, कळलं ना?

सगळ्यात मोठा गैरसमज स्प्लिट एसीचा. बाहेर डबा लटकतोय म्हणजे बाहेरची हवा आत येते असं भल्याभल्यांना वाटतं. त्या पाईपातून एसीचा गॅस फिरतो, हवा नाही, खोलीतलीच हवा गार होऊन परत तुमच्याकडे येते. विंडो एसीला व्हेंटची छोटी खुंटी असते, ती बहुतेकांची कायम बंदच. याबाबतीत आपला कूलर भारी, पण तो खिडकीबाहेर पाहिजे आणि समोरची खिडकी थोडी उघडी. खोलीत ठेवून सगळं बंद केलं तर दमट पण होतं नि कोंदट पण. पूर्वी धाब्याच्या घराला वर सानं (छतातला झरोका) असायचं, आता स्लॅब पडला आणि ती सोयच गेली.

एअर प्युरिफायर धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही. कुंड्यांचं तर सोडाच, रात्री झाडंही हाच गॅस सोडतात.

कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर घेताना एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड किरणांनी हा गॅस मोजणारा) आहे का बघा. स्वस्तातले बरेच मीटर नुसता वासावरून अंदाज मारतात, सॅनिटायझर चोळलेला हात जवळ नेला आणि आकडा उडाला की समजा फसलात. खरा मीटर गच्चीवर नेला की ४२०-४५० च्या आसपास थांबतो. उशीशी ठेवू नका, तोंडाची हवा लागून आकडा फुगतो.

उपाय सोपा आहे, एसीत झोपताना आतल्या खोलीचं दार चार बोटं उघडं ठेवा, पहाटे गारवा असतो तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडा. बिल थोडं वाढेल, वाढू द्या.

आणि हो, कार्बन मोनॉक्साइड वेगळा, त्यात गल्लत नको. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावला की तो तयार होऊ शकतो, वास नाही, जीव घेतो आणि वरचा मीटर तो दाखवत नाही. शेगडी बाहेर ठेवा, गीझरचं सिलिंडर आणि युनिट दोन्ही बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या.