युलिख-क्लेव्ह-बेर्ग प्रांताविषयी लिहिताना या चुका टाळा

प्रशिया या जर्मन राज्यातला, आजच्या पश्चिम जर्मनीतला युलिख-क्लेव्ह-बेर्ग हा प्रांत १८१५ ते १८२२ एवढाच काळ टिकला. नंतर शेजारच्या निम्न ऱ्हाइन प्रांतात तो विलीन झाला आणि त्यातून ऱ्हाइन प्रांत उभा राहिला. सात वर्षांचा हा काळ बहुतेक लेखक सरळ ओलांडून जातात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे नंतरचे नाव आधीच्या घटनेला चिकटवणे. कार्ल मार्क्सचा सहकारी विचारवंत एंगल्स याच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या वर्षी एका स्मरणिकेची मुद्रिते माझ्याकडे तपासायला आली होती. त्यांत फ्रीडरिश एंगल्सचा जन्म १८२० साली ‘ऱ्हाइन प्रांतातील वुपरटाल शहरात’ झाल्याचे लिहिले होते आणि शेजारी त्या काळचा म्हणून एक नकाशा छापला होता. नकाशावर बार्मेनमधून जाणारा लोहमार्ग स्पष्ट दिसत होता. जर्मनीतली पहिली आगगाडी १८३५ मध्ये न्यूरेम्बर्ग ते फ्युर्ट धावली, मग १८२० च्या नकाशात रूळ आले कुठून? लेखकाने हाती लागलेला पहिला नकाशा घेतला होता आणि त्यावरचे प्रांताचे नाव मजकुरात उतरवले होते. एंगल्स जन्मला बार्मेनमध्ये, युलिख-क्लेव्ह-बेर्ग प्रांतात. बार्मेन आज ज्या शहराचा भाग आहे, त्याचे वुपरटाल हे नाव तर १९३० मधले. १८१८ साली ट्रीअरमध्ये जन्मलेल्या मार्क्सच्या बाबतीतही हीच गफलत होते. त्याचे गाव तेव्हा निम्न ऱ्हाइन प्रांतात होते. मी स्वतः कागदावर आधी वर्ष लिहितो, त्या वर्षी तिथे कोणाचा अंमल होता ते पाहतो आणि मगच प्रांताचे नाव लिहितो. यात वेळ जातो, पण ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी इतिहासावर लिहिण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक नावाच्या सारखेपणामुळे होते. १५२१ ते १६१४ या काळातली युलिख-क्लेव्ह-बेर्गची संयुक्त डची, म्हणजे ड्यूकच्या अंमलाखालचे राज्य, वेगळी. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीची चौथी राणी अॅन त्या घराण्यातली होती. तिचा या प्रांताशी संबंध जोडू नये.

प्रांताचे मुख्य ठाणे कोलोन होते, ड्युसेलडॉर्फ नव्हे.

प्रशियाची सत्ता आली म्हणजे प्रशियाचा कायदाही आला, हेही खरे नाही. प्रांताच्या बहुतांश भागात नेपोलियनच्या काळातली फ्रेंच दिवाणी संहिता पुढेही चालू राहिली आणि ती १९०० पर्यंत टिकली. त्यामुळे १८२० साली बार्मेनमधला वारसाहक्काचा दावा बर्लिनच्या, म्हणजे प्रशियाच्या, संहितेप्रमाणे चालला असेल, असे गृहीत धरून लिहू नये.